खेळातील सैतान आणि बाजारातील भय

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहातून १९७९ च्या ऑगस्ट महिन्यात सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. मुलगा असामान्य बुद्धीचा. ज्या वयात इतर मुले शाळेच्या बाकावर असतात त्या वयात तो संगणकशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठात दाखल झाला होता. पालकांनी त्याच्या शोधासाठी टेक्सासमधील विल्यम डिअर या खाजगी गुप्तहेराला पाचारण केले. डिअर यांच्या हाती धागेदोरे थोडे होते. मुलाच्या खोलीतील एका फलकावर टाचण्यांची विचित्र आकृती आढळली. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक नवा खेळ खेळत असे, हे कळले. विद्यापीठाच्या इमारतींखालून वाफेचे नळ नेणारी भुयारे गेलेली होती. या तीन गोष्टी एका सुतात ओवल्या की जे कथानक तयार होते ते डिअर यांच्या एका तर्काचे कथानक होते: खेळातील तळघरे आणि खरी भुयारे यांतील भेद मुलाच्या मनातून पुसला गेला आणि तो त्या अंधारात कोठेतरी हरवला. डिअर यांच्यापाशी इतर तर्कही होते. परंतु वृत्तपत्रांनी उचलला तो हाच. देशभर मथळे झळकले.

महिन्याभरातच तो मुलगा लुइझियाना राज्यात जिवंत सापडला. खेळाचा त्याच्या जाण्याशी काहीही संबंध नव्हता. एकाकीपणा, अभ्यासाचे व अपेक्षांचे ओझे, मादक द्रव्ये आणि खोल खिन्नता यांनी ग्रासलेला तो पोर जीवनाचा शेवट करण्याच्या हेतूने एकटाच भुयारात उतरला होता. त्यातून तो वाचला आणि ओळखीच्या लोकांकडे लपून राहिला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्याने आपले जीवन संपविले. डिअर यांनी सत्य उघड न करण्याचे वचन मुलाला दिले होते. ते त्यांनी तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ पाळले. ‘द डंजन मास्टर’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९८४ साली. म्हणजे मूळ बातमी आणि तिचा खुलासा यांच्यात पाच वर्षांचे अंतर पडले. या पाच वर्षांत त्या रिकाम्या जागी काय काय येऊन बसले, आणि कोणाच्या लाभासाठी, हा या सर्व प्रकरणातील खरा विचार करण्याजोगा भाग आहे.

खेळ तरी कसला?

ज्या खेळावरून एवढे वादळ उठले तो आपल्याकडे आजही फारसा परिचित नाही. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावचे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी तो सिद्ध केला व १९७४ साली प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती अवघ्या हजार प्रतींची. त्यात पट नव्हता, जिंकणे-हरणे नव्हते. मेजाभोवती चार-सहा मुले बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी धर्मोपदेशक. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: ‘समोर दार आहे, दारामागे कोणीतरी श्वास घेत आहे, आता काय करणार?’ खेळणारा आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो, आणि वीस बाजूंचा फासा पडला की त्या कृतीचे फळ ठरते.

कोकणातील दशावतार ज्याने पाहिला आहे त्याला यात अपूर्व असे काही वाटणार नाही. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेले असते आणि राजा, राक्षस, नारद आपापले संवाद जागच्या जागी रचत पुढे जातात. पहाटे तोंडावरचा रंग पुसला की संकासुर पुन्हा शेतावर जातो. सोंग घेणे आणि सोंग उतरवणे या दोन्ही क्रिया माणसाला लहानपणापासून अवगत असतात, आणि सोंग उतरवता न येणारा माणूस सोंगामुळे आजारी पडलेला नसून आधीपासूनच आजारी असतो, हे खेड्यातील प्रेक्षकालाही कळते. अमेरिकेतील सुशिक्षित मध्यमवर्गाला १९८० च्या दशकात ते का कळू नये?

त्याला कारणे होती. १९७८ च्या नोव्हेंबरात गयानामधील जोन्सटाउन येथे एका पंथगुरूच्या नादी लागून नऊशेहून अधिक अमेरिकन मृत्युमुखी पडले होते, आणि ‘आपली मुले कोणी तरी मोहिनी घालून नेईल’ ही भीती घरोघर शिरली होती. १९८० मध्ये ‘मिशेल रिमेंबर्स’ हे पुस्तक निघाले. सैतानपूजकांच्या गुप्त विधींत एका लहान मुलीचा छळ झाल्याच्या त्यातील ‘आठवणी’ पुढे विश्वासार्ह ठरल्या नाहीत, पण तोपर्यंत त्यांनी आपले काम केले होते. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९८३ मध्ये उद्भवला आणि १९९० पर्यंत चालला. अमेरिकेच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत लांबलेल्या व खर्चिक फौजदारी खटल्यांत त्याची गणना होते, आणि त्यात एकालाही शिक्षा झाली नाही. दोन्ही पालक नोकरीस जाणारे, घटस्फोट वाढलेले, मुले दुपारी रिकाम्या घरात. अशा समाजाला मुलांच्या खोलीचे बंद दार सहन होत नाही. त्या दारामागून तळघरे, राक्षस, मंत्र असे शब्द ऐकू येऊ लागल्यावर पुढील तर्काला फारशी वाट काढावी लागली नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्येच अशा प्रक्रियेला ‘नैतिक घबराट’ हे नाव देऊन तिचे विश्लेषण केले होते. त्यांचा विषय इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर १९६४ पासून मारामाऱ्या करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या हा होता. पात्रे बदलली तरी आराखडा तोच राहतो.

एका बातमीची कादंबरी

रोना जॅफी या लेखिकेचे नाव १९५८ च्या ‘द बेस्ट ऑफ एव्हरीथिंग’ या लोकप्रिय कादंबरीमुळे अमेरिकन वाचकांना परिचित होते. मिशिगनच्या बातमीवरून त्यांनी ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी लिहिली व ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. बातमी ताजी असताना दुसऱ्या कोणी ती उचलण्यापूर्वी पुस्तक बाजारात यावे म्हणून ती घाईने लिहिली गेली असे सांगतात. चार विद्यार्थी, एक खेळ, गुहा, आणि त्या चौघांतील रॉबी हा युवक, जो आपण खरोखरीच खेळातील धर्मोपदेशक आहोत असे मानू लागतो. पुढील वर्षी, २८ डिसेंबर १९८२ रोजी, सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर तिच्यावरून तयार केलेला चित्रपट दाखविण्यात आला. रॉबीचे काम केले होते सव्वीस वर्षांच्या टॉम हँक्स यांनी. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरून आपण उडी घेतली तरी मंत्राच्या बळावर तरून जाऊ असे रॉबीला वाटते, मित्र त्याला वेळीच मागे खेचतात, पण मन परत येत नाही. अखेरच्या प्रसंगी तो आपल्याच आईबापांच्या घराला पांथशाळा समजून राहतो आहे, आणि भेटीस आलेले मित्र त्याच्या समाधानासाठी एक दिवस पुन्हा तो खेळ खेळतात.

जॅफींची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ही कादंबरी तिच्या कीर्तीइतकी उथळ नाही. रॉबीचे घर विस्कळीत आहे, त्याचा थोरला भाऊ फार पूर्वी घर सोडून गेलेला आहे, आणि ज्या हाकेमागे तो भुयारातून न्यूयॉर्कपर्यंत जातो ती खरे तर त्या हरवलेल्या भावाची हाक आहे. इतर तिघांच्या आईबापांनीही मुलांवर आपापल्या अपुऱ्या इच्छांचे गाठोडे लादलेले आहे. लेखिकेची दृष्टी घराकडे वळत होती. पण पुस्तकाचे नाव खेळावरून ठेवलेले, मुखपृष्ठ खेळाचे, जाहिरात खेळाची. वाचकाने घर विसरावे आणि खेळ लक्षात ठेवावा अशीच सारी मांडणी झाली. त्याच १९८१ साली जॉन कॉइन यांची ‘हॉबगॉब्लिन’ ही भयकादंबरी निघाली. तिच्यातही वडिलांच्या मृत्यूने खचलेला एक मुलगा आयरिश पुराणकथांवर आधारलेल्या खेळात आश्रय शोधतो. दोन्ही पुस्तकांत दु:ख आधी आहे, खेळ नंतर आहे; तरीही वाचकाच्या मनात क्रम उलटा उतरला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे.

या उलट उदाहरणही त्याच काळातले आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच काही मुले स्वयंपाकघरातील मेजाभोवती असाच खेळ खेळत बसलेली दिसतात. पिझ्झा मागवतात, भांडतात, धाकट्याला खेळात घेत नाहीत. त्या मुलांच्या घरातही बाप सोडून गेलेला आहे. परंतु तेथे खेळ म्हणजे केवळ घरातील आवाज आहे, जसा आपल्याकडे सुटीच्या दुपारी पत्त्यांचा. त्या चित्रपटामुळे कोणा पालकाने खेळावर बंदी मागितल्याचे ऐकिवात नाही. कथेत खेळ आहे एवढ्याने भय उत्पन्न होत नाही. भय उत्पन्न व्हावे अशी कथा रचावी लागते.

आणि अशी कथा खपते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथील व्यवहार फारसा गूढ नाही. मूल हरवलेल्या, मूल गेलेल्या आईबापांना, आणि आपलेही मूल जाईल की काय या शंकेने पछाडलेल्या इतरांना, स्पष्टीकरणाची अनिवार गरज असते. खरे स्पष्टीकरण महाग असते. ते उशिरा मिळते, अपुरे असते, आणि त्यातील काही भाग आपल्याच घराकडे बोट दाखवतो. खोटे स्पष्टीकरण तत्काळ मिळते, पूर्ण असते आणि बोट बाहेर दाखवते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची प्रत गिऱ्हाइकाला पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. स्पष्टीकरणांच्या बाजारातही तेच घडले. ज्याच्यापाशी खरा माल होता तो गुप्तहेर वचनाने बांधलेला होता, आणि दुकान दुसऱ्यांनी मांडले.

एकच वाहिनी, तीन माल

या बाजाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्वत: सीबीएस. १९८२ च्या डिसेंबरात या वाहिनीने ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ दाखवून पालकांना धास्तावले. १९८३ च्या सप्टेंबरपासून तिनेच दर शनिवारी सकाळी मुलांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हीच व्यंगचित्रमालिका सुरू केली, जी १९८५ पर्यंत चालली. आणि १९८५ मध्येच, मालिका चालू असताना, याच वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या प्रतिष्ठित वृत्तकार्यक्रमाने हा खेळ मुलांना मृत्यूकडे नेतो काय असा प्रश्न देशापुढे मांडला. सकाळी मुलांना खेळाची गोडी, रात्री पालकांना खेळाचे भय. दोन्ही वेळच्या जाहिरातींचे उत्पन्न मात्र एकाच तिजोरीत. यात कोणी कट केला असे मानण्याचे कारण नाही. वाहिनीच्या तीन विभागांनी आपापल्या मागणीनुसार आपापला माल पुरवला, एवढेच.

उत्पादकाचेही त्यात नुकसान झाले नाही. मिशिगनच्या बातमीपूर्वी हा खेळ महाविद्यालयीन मुलांच्या लहान वर्तुळापुरता होता. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गायगॅक्स यांच्या टीएसआर कंपनीची विक्री कित्येक पटींनी वाढली आणि खेळ शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला. ज्या वस्तूविरुद्ध व्यासपीठावरून आग ओकली जाते तिची जाहिरात आपोआप होते, हे आपल्याकडील जप्त पुस्तकांच्या प्रकाशकांनाही सांगावे लागणार नाही.

परंतु या व्यवहारात एक आई होती, आणि तिच्याविषयी लिहिताना लेखणीला थोडा संयम हवा. व्हर्जिनिया राज्यातील पॅट्रिशिया पुलिंग यांच्या किशोरवयीन मुलाने १९८२ मध्ये आत्महत्या केली. शाळेत खेळताना त्याच्या पात्राला शाप दिला गेला आणि त्यामुळे त्याने जीव दिला, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांवर दावा लावला; तो फेटाळला गेला. मग १९८३ मध्ये त्यांनी ‘बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही संघटना काढली. तिच्या आद्याक्षरांतून ‘बॅड’ म्हणजे ‘वाईट’ हा शब्द सिद्ध होत होता. पुलिंग यांनी पोलिसांपुढे व्याख्याने दिली, पत्रके काढली, ‘सिक्स्टी मिनिट्स’मध्ये गायगॅक्स यांच्या विरुद्ध बाजूने त्या बोलल्या. त्यांचे प्रतिपादन चुकीचे होते, त्यांनी जमवलेला पुरावा कच्चा होता, आणि त्यांच्या पत्रकांमुळे अनेक निरुपद्रवी मुलांकडे संशयाने पाहिले गेले. तरीही ज्या प्रश्नाने त्या हैराण झाल्या तो प्रश्न खोटा नव्हता: घरात वावरणारे, जेवणारे, हसणारे मूल असे का करते, आणि आपल्याला ते का दिसले नाही? त्या प्रश्नाला समाजाने त्यांच्यापुढे जी उत्तरे ठेवली त्यांतील सर्वांत सोपे त्यांनी उचलले. ते उत्तर दुकानात तयार होते. रोना जॅफींची कादंबरी तेव्हा वर्षभराची जुनी होती.

अठ्ठावीस आणि तीनशे साठ

पुलिंग यांच्या संघटनेने खेळाशी जोडलेल्या आत्महत्या व खून यांची एक यादी केली होती. १९८५ च्या सुमारास तीत अठ्ठावीस प्रकरणे होती. अठ्ठावीस तरुण मृत्यू हा आकडा ऐकून कोणाचेही काळीज हलेल. पण संख्येचे स्वत:पुरते मूल्य काही नसते; ती कशाच्या मानाने हे पाहावे लागते. त्या काळी खेळाचे खेळाडू सुमारे तीस लाख असावेत असा अंदाज होता. १९८० च्या दशकात अमेरिकेत पंधरा ते चोवीस या वयोगटात दर लाखामागे वर्षाला साधारण बारा आत्महत्या होत. म्हणजे हे तीस लाख खेळाडू इतर तरुणांसारखेच असते, तर केवळ सर्वसामान्य प्रमाणाने त्यांच्यांत वर्षाला सुमारे तीनशे साठ आत्महत्या घडायला हव्या होत्या. संघटनेला मिळालेली प्रकरणे अठ्ठावीस, तीही कित्येक वर्षांची मिळून आणि खून धरून.

मायकेल स्टॅकपोल या खेळरचनाकार व कादंबरीकाराने १९९० मध्ये ‘द पुलिंग रिपोर्ट’ या टिपणात अशाच पद्धतीने संघटनेच्या दाव्यांची झडती घेतली. या गणितावरून खेळ मुलांना वाचवतो असे सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. खेळाडूंची संख्या अंदाजी आहे, सर्व खेळाडू त्याच वयोगटातील नव्हते, आणि संघटनेची यादी परिपूर्ण असण्याचा संभव नव्हता. परंतु खेळ मुलांना मारतो हा निष्कर्ष त्या यादीतून निघत नाही, एवढे सांगायला हे गणित पुरेसे आहे. ते पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता आले असते. एवढ्या मोठ्या देशातील वृत्तसंस्थांनी ते आधी का केले नाही? कारण तीनशे साठ या आकड्याला चेहरा नव्हता, आणि अठ्ठावीसपैकी प्रत्येकाला होता.

न्यायालये मात्र बहुधा शुद्धीवर राहिली. एका मुलाच्या मृत्यूबद्दल टीएसआर कंपनीवर लावलेला दावा १९९० मध्ये संघराज्याच्या सहाव्या विभागीय अपील न्यायालयानेही टिकू दिला नाही. कंपनीने तोपर्यंत दुसरा मार्ग पत्करला होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून तिने ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले आणि त्या प्राण्यांना पुढे उच्चारायला कठीण अशी नवी नावे दिली. राक्षस तेच, हल्ले तेच. केवळ आयांच्या नजरेस पडणारा शब्द गेला. व्यापाऱ्याने वादळात शीड उतरवावे तसे हे होते, आणि २००० मध्ये, कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेल्यानंतर निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत, जुने शब्द पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून मराठी वाचकाने निर्धास्त राहावे असेही नाही. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर ‘ब्लू व्हेल’ नावाच्या एका कथित खेळाने भारतात असाच हाहाकार उडवला. पन्नास दिवसांच्या पन्नास आज्ञा, शेवटची आज्ञा आत्महत्येची, ही कहाणी २०१६ मध्ये रशियातील एका वृत्तपत्रातून निघाली होती. मुंबईतील एका शाळकरी मुलाचा मृत्यू तिच्याशी जोडला गेला आणि पाठोपाठ देशभरातून तशाच बातम्या येऊ लागल्या. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुगल, फेसबुक आदी कंपन्यांना खेळाचे दुवे काढून टाकण्याचे आदेश दिले. शाळांनी पालकसभा घेतल्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सरकारने सांगितले की, तपासलेल्या कोणत्याही प्रकरणात या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. पहिल्या बातम्यांना पहिले पान मिळाले होते. या उत्तराला मिळालेल्या जागेची तुलना कोणी जिज्ञासूने ग्रंथालयात बसून जरूर करावी. मिशिगनचा सत्यशोध पाच वर्षे लांबला, आपला पाच-सहा महिने. दोन्हीकडे मृत मुलांच्या मनात खरोखर काय चालले होते हा प्रश्न तसाच राहिला.

नायक बदलला

नैतिक घबराट ओसरली की ती साहित्याचे खत होते. १९८४ मध्ये जॅक चिक या अमेरिकन धर्मप्रचारकाने ‘डार्क डंजन्स’ ही छोटी चित्रपुस्तिका काढली होती. तीत खेळातील आपले पात्र मेले म्हणून एक मुलगी जीव देते आणि दुसरी चेटकिणींच्या मंडळात ओढली जाते. हेतू पूर्ण गंभीर होता. तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, खेळाच्याच एका चाहत्याने चिक यांच्या परवानगीने त्या पुस्तिकेचा चित्रपट केला. त्यात विडंबनासाठी वेगळे काही जोडण्याची गरजच पडली नाही. मूळ संवाद गंभीर चेहऱ्याने म्हटले की प्रेक्षक आपोआप हसत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हरडेल’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वाने मात्र जुना माल पुन्हा धुऊनपुसून मांडला: ‘ग्रिफिन्स अँड गारगॉइल्स’ नावाचा खेळ आणि त्याच्या नादाने मरणारी मुले. निर्माते भोळे नव्हते. पण भयाला अजून गिऱ्हाईक आहे हे ते ओळखून होते.

सर्वांत मोठे यश मिळाले ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ला. २०१६ साली या मालिकेच्या आरंभीच्या प्रसंगांत मेजाभोवती फासे टाकणारी चार मुले दिसली, आणि २०२२ च्या चौथ्या पर्वात तिने ही घबराट थेट कथेच्या केंद्रस्थानी आणली. साल १९८६. एडी मन्सन हा लांब केसांचा, परीक्षेत नापास होणारा, ‘हेलफायर क्लब’ नावाच्या खेळमंडळाचा म्होरक्या. गावात एका मुलीचा भयंकर मृत्यू होतो आणि शाळेतील बास्केटबॉलपटूंचा नायक गावसभेत उभा राहून एडीला सैतानाचा हस्तक ठरवतो. गाव त्याच्या शिकारीला निघते. एडी गावासाठीच प्राण देतो आणि तरी गाव त्याला गुन्हेगार समजतच राहते. चाळीस वर्षांनी कथेने बाजू बदलली होती. जो भयाचा विषय होता तो हुतात्मा झाला, आणि जे रक्षक म्हणून मिरवत होते ते जमावाचे पुढारी झाले.

हा बदल स्वागतार्ह आहे, आणि त्या काळी वर्गात एकटे पडलेल्या, आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेक खेळाडूंना त्यातून भरपाई मिळाली असेल. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या मालिकेच्या जगात सैतानसदृश काहीतरी खरोखरच आहे. मुले खरोखरच राक्षसाच्या हातून मरतात. गावाने चुकीच्या माणसाला धरले, एवढीच गावाची चूक. जॅफींच्या कथेत मूल खेळामुळे हरवले, डफर बंधूंच्या कथेत ते दुसऱ्या मितीतून आलेल्या प्राण्यामुळे मरते. मिशिगनच्या वसतिगृहातला, सोळाव्या वर्षी विद्यापीठात आलेला आणि कोणाशी मनातले बोलू न शकणारा मुलगा दोन्ही कथांत बसत नाही. त्याच्या कथेत राक्षस नाही, म्हणून तिला निर्माता मिळणे कठीण. विल्यम डिअर यांचे पुस्तकही शेवटी गुप्तहेराच्या पराक्रमाची कथा म्हणूनच विकले गेले.

बाजाराने मात्र आपले वर्तुळ पुरे केले आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालकी आज हॅसब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीकडे आहे. २०१९ मध्ये तिने ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या नावाने नवशिक्यांसाठी खेळाचा एक संच काढला, आणि मालिकेचे शेवटचे पर्व आले त्या २०२५ मध्ये दुसरा. गाव ज्या मंडळाला सैतानाचा अड्डा समजून शोधत फिरत होते त्याचेच नाव त्या दुसऱ्या खोक्यावर आहे: ‘वेलकम टू द हेलफायर क्लब’. पहिल्या खोक्याला १९७४ मध्ये दहा डॉलर पडत. याला सुमारे पन्नास पडतात.